शोतोकान : पाटी एका वास्तूची, नाव एका कवीचं

महाराष्ट्रात कराटेचा वर्ग म्हटला की बॅनरवर 'शोतोकान' हा शब्द हमखास दिसतो. शाळेचं मैदान असो, सोसायटीचा हॉल असो की मंगल कार्यालयात भरलेली बेल्टची परीक्षा असो. कुठे 'शोटोकान' लिहितात, कुठे 'शोटोकॉन', आणि अर्थ विचारला तर उत्तर येतं की ही कराटेची एक स्टाइल आहे. आजच्या घडीला ते उत्तर बरोबरच आहे. पण हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला तो शैलीसाठी नव्हे. तो तोक्योतल्या एका इमारतीच्या दारावर लिहिला गेला, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं एका शाळामास्तराने तरुणपणी आपल्या कवितांखाली सही म्हणून वापरलेली होती.

आधी शब्दाची फोड करू. जपानी लिपीत तो तीन चित्राक्षरांचा आहे. पहिलं 'शो', म्हणजे पाइनचं झाड, आपल्या हिमालयातल्या चीडच्या जातकुळीतलं. डावीकडे 'झाड' हे अंग ४ रेघांचं, उजवा भाग ४ रेघांचा, एकूण ८. दुसरं 'तो', म्हणजे मोठी लाट. डावीकडे पाण्याचे ३ फटकारे आणि उजवीकडे १४ रेघांची दाटी, एकूण १७. तिसरं 'कान', म्हणजे मोठी वास्तू, मुळात पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय असलेली. त्याच्या ८ आणि ८ अशा १६ रेघा. पाइनच्या झाडाला बोलीत 'मात्सु' म्हणतात आणि लाटेला 'नामि', पण जोडशब्दात चिनी वळणाचे उच्चार येतात. आपण 'पाणी' बोलतो आणि 'जलाशय' लिहितो, 'पाणीशय' लिहीत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून 'शोतो'ला जपानी कानांना किंचित भारदस्त, पोथीतला सूर आहे. कविनामाला तो शोभतो.

'शोतो'चा अर्थ सांगताना प्रमाणपत्रांवर आणि माहितीपत्रकांवर एक चूक पुन्हा पुन्हा होते. 'पाइन आणि लाटा' असं लिहिलं जातं. त्यामुळे डोळ्यांपुढे समुद्रकिनारा आणि काठावरची झाडं येतात. अर्थ तसा नाही. इथे समुद्र नाहीच. पाइनच्या रानातून वारा वाहतो तेव्हा जो लाटांसारखा आवाज होतो, तो म्हणजे 'शोतो'. लाटा झाडांच्याच आहेत.

कोकणात सुरूच्या बनात उभं राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पिंपळाची पानं सळसळतात, कारण रुंद पान पानावर आपटतं आणि प्रत्येक आपटीचा वेगळा आवाज होतो. सुरूच्या काड्या किंवा पाइनच्या सुया तशा वाजत नाहीत. वारा प्रत्येक सुईच्या दोन्ही बाजूंनी निसटतो, मागे बारीक भोवरे सुटतात आणि त्यातून एक क्षीण स्वर निघतो. वाऱ्याचा वेग वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. अशा लक्षावधी सुया एकत्र वाजल्या की वेगवेगळे आवाज कानाला उरत नाहीत. एकच संथ घोष येतो, फुगतो आणि ओसरतो. ओकिनावातला र्‍युक्यू पाइन दोन-दोनच्या जुडीत लांब सुया धरणारा आहे, म्हणून हा घोष तिथे दाट ऐकू येतो.

ओकिनावा म्हणजे एकेकाळचं र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य, आणि शुरी ही त्याची राजधानी. १८७९ मध्ये जपानने ते राज्य बरखास्त करून त्याचा प्रांत केला. गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ मध्ये याच शुरीत झाला. घराण्याला दरबारी परंपरा होती. लहानपणी आजोबांकडून चिनी अभिजात ग्रंथांचं शिक्षण मिळालं, म्हणून चिनी वळणाची कविता लिहिणं अंगवळणी होतं. पोटापाण्याला शाळेतली नोकरी होती आणि रात्री आंको आझातो व आंको इतोसू यांच्याकडे कराटेची तालीम. शुरीच्या भोवती पाइनने झाकलेल्या टेकड्या होत्या. त्यांतल्या एकीचं नाव तोराओ. 'तोरा' म्हणजे वाघ, 'ओ' म्हणजे शेपूट. टेकडी अरुंद आणि झाडांनी गच्च, लांबून पाहिली की वाघाच्या शेपटीसारखी दिसायची. फुनाकोशींनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की सवड मिळाली की ते तिथे एकटे फिरायला जात, कधी चांदण्या रात्रीही, आणि पाइनमधला वारा ऐकत. त्या आवाजावरून त्यांनी स्वतःला 'शोतो' हे कविनाम घेतलं.

कविनामावरून संस्थेचं नाव पडणं मराठी माणसाला नवीन नाही. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे. तिथे कुणी असं समजत नाही की कुसुमाग्रज हे एखाद्या पद्धतीचं नाव असेल. कराटेच्या बाबतीत मात्र नेमकं तेच झालं, आणि कसं झालं ते पाहण्यासारखं आहे.

१९२२ मध्ये फुनाकोशी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. तेव्हा पन्नाशी उलटलेली. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी 'मेइसेइ-जुकू' नावाचं वसतिगृह होतं. तिथे ते राखणदारी करत, अंगण झाडत आणि सभागृह मोकळं असेल तेव्हा कराटे शिकवत. १९२३ च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं. वसतिगृहाचीही पडझड झाली, तेव्हा तलवारबाजीचे नामांकित शिक्षक हाकुदो नाकायामा यांनी आपला दोजो, म्हणजे तालीमखाना, रिकाम्या वेळात वापरायला दिला. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा वर्ग सुरू झाला, मग इतर विद्यापीठांत. शिष्य वाढत गेले, पण कराटेची स्वतःची म्हणावी अशी एक खोलीही नव्हती. प्रत्येक वेळी कुणाची तरी जागा आणि कुणाची तरी वेळ.

१९३५ च्या सुमारास शिष्य आणि हितचिंतकांनी समिती करून देशभरातून वर्गणी जमवली. तोक्योच्या तोशिमा भागात झोशिगाया इथे दोजो उभा राहिला. दारावर पाटी लागली: शोतो-कान. नाव समितीने ठरवलं होतं, गुरूच्या तरुणपणच्या कविनामाचा मान म्हणून. अर्थ सरळ होता: शोतोंची वास्तू. आत्मचरित्रात फुनाकोशी प्रवेशाचा काळ १९३६ चा वसंत ऋतू देतात. कराटेच्या पुष्कळ इतिहासांत १९३९ हे वर्ष छापलेलं सापडतं. तुमच्या वर्गाच्या पुस्तिकेत १९३९ असेल तर ते कुठून आलं याचं कोडं पडायला नको. वास्तूत पाऊल ठेवताना फुनाकोशी सत्तरीला टेकले होते.

यातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती अशी. हा माणूस नावांच्या बाबतीत बेफिकीर नव्हता. उलट, कराटेतली इतकी नावं दुसऱ्या कुणी क्वचितच बदलली असतील.

सुरुवात खुद्द 'कराटे' या शब्दापासून. जुन्या लेखनात त्यातल्या 'कारा'साठी 'तांग' म्हणजे चीन हे अक्षर होतं, म्हणजे चिनी हात. त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर आहे 'रिकामा'. चोमो हानाशिरो यांनी १९०५ मध्येच हे दुसरं अक्षर वापरलं होतं. फुनाकोशींनी ते तोक्योत रुजवलं आणि पुढे 'दो', म्हणजे मार्ग, जोडलं. ओकिनावात यावर नाराजी होती. पण २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा इथे जाणत्या शिक्षकांची बैठक झाली आणि तिथेही 'रिकामा हात' हेच लेखन मान्य झालं.

मग कातांची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या संचांची, नावं. ओकिनावातली नावं जपानी विद्यार्थ्यांना अर्थहीन वाटत, काहींचं मूळ चिनी असल्याने लिहायचीही पंचाईत. फुनाकोशींनी हालचाल पाहून नावं दिली. नाइहांचीचं झालं 'तेक्की', लोखंडी घोडा. या काता पूर्णपणे आडव्या रेषेत चालतात, पुढे-मागे एक पाऊल नाही, आणि सगळा वेळ घोडेस्वाराची बैठक. या बैठकीत पावलांमधलं अंतर खांद्यांच्या सुमारे दुप्पट, पावलं समांतर, गुडघे बाहेर ढकललेले. नवशिक्याचं इथे ठरलेलं बिघडतं. मांड्या दुखायला लागल्या की चवडे बाहेर वळतात, गुडघे आत पडतात आणि ढुंगण मागे निघतं. चवडे वळले की बैठकच बदलते, ती मग शिको-दाची होते. लोखंडी घोडा हे नाव ध्यानात ठेवलं तर गुडघ्यांनी कशाला धरायचं हे शरीराला आपोआप कळतं.

कुशांकूचं झालं 'कांकू', आकाश न्याहाळणं. पहिल्याच हालचालीत दोन्ही तळहात पुढे धरून अंगठे आणि तर्जन्या जुळवतात, मधे त्रिकोण होतो. हात सावकाश कपाळाच्या वर जातात आणि नजर त्या त्रिकोणातून आकाशाकडे. बहुतेक मुलं इथे कंबर मागे टाकतात. कारण ती हात वर नेताना डोकंही हातांबरोबर मागे नेतात. पाठ सरळ ठेवून फक्त नजर आणि हनुवटी वर गेली पाहिजे. सेइसानचं 'हांगेत्सु' झालं, अर्धचंद्र. पाऊल पुढे टाकताना ते आधी आत येतं आणि कमानीत बाहेर जातं. पाऊल सरळ रेषेत ओढलं तर नाव खोटं पडतं, आणि आतल्या बाजूने मांड्यांवर जो ताण धरून ठेवायचा असतो तोही सुटतो. वान्शूची 'एंपी' झाली, म्हणजे भिंगरी पक्ष्याचं उड्डाण, कारण शरीर झपकन वर-खाली होतं. चिंतोचं 'गांकाकू', खडकावरचा करकोचा, एका पायावर तोल धरल्यामुळे.

इतोसूंनी रचलेल्या पाच 'पिनान' कातांना त्यांनी 'हेइआन' म्हटलं. अक्षरं तीच, अर्थ शांतता, फक्त वाचन जपानी. इथे त्यांनी आणखी एक बदल केला, जो अजूनही गोंधळ घालतो. पिनानमधली दुसरी काता शिकायला सोपी आहे म्हणून त्यांनी ती पहिली केली, आणि पहिली दुसरी. त्यामुळे शितो-र्‍यू किंवा वादो-र्‍यू या कराटेच्या दुसऱ्या शैलींच्या वर्गातून आलेला मुलगा 'पहिली दाखव' म्हटल्यावर शोतोकानच्या दृष्टीने दुसरी असलेली काता सुरू करतो, आणि परीक्षक त्याला चुकला असं समजतात. तो चुकलेला नसतो. शोतोकानची हेइआन शोदान २१ हालचालींची, किआई, म्हणजे जोराची आरोळी, नवव्या आणि सतराव्या हालचालीवर. ती शितो-र्‍यूवाल्याला 'पिनान निदान' म्हणून पाठ असते. दोन्ही पद्धतींची मुलं एकत्र असतील तर क्रमांकाने नको, कातेच्या पूर्ण नावाने पुकारा.

कलेचं नाव बदललं, कातांची नावं बदलली, क्रमही बदलला. शैलीला मात्र त्यांनी नाव दिलं नाही. ते फक्त 'कराटे-दो' म्हणत. आपल्याला आणि आपल्या सहकाऱ्यांना लोक शोतोकान पंथाचे म्हणतात याला त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट हरकत घेतली आहे. कराटेचे तट पडू नयेत, सगळ्यांनी एक व्हावं, असं त्यांचं मत होतं. ज्याच्या कविनामावर जगभर शैली ओळखली जाते त्यालाच ती ओळख नको होती. हे वाचल्यानंतर बॅनरवरचा शब्द जरा वेगळा दिसायला लागतो.

मग शैली म्हणून तो रुळला कसा? एक तर त्याच सुमारास इतरांनी आपापल्या शैलींना नावं दिली. १८९५ मध्ये क्योतोत स्थापन झालेली 'दाई निप्पोन बुतोकुकाई' ही युद्धकलांची मोठी संस्था होती, आणि तिच्याकडे नोंद करायची तर शैलीला नाव लागे. चोजुन मियागी यांचे शिष्य जिनआन शिंझातो यांनी १९३० मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं. तिथे त्यांना शैलीचं नाव विचारलं गेलं आणि सांगायला काही नव्हतं. पुढे मियागींनी 'बुबिशी' या जुन्या चिनी पोथीतल्या ओळीवरून 'गोजू' निवडलं. श्वास घेणं-सोडणं कठोर आणि मृदू असतं, अशा अर्थाची ती ओळ आहे. केनवा माबुनींनी आपल्या दोन गुरूंच्या आडनावांतलं एकेक अक्षर घेतलं. इतोसूंच्या 'इतो'चा दुसरा उच्चार 'शि', हिगाओन्नांच्या 'हिगा'चा दुसरा उच्चार 'तो', म्हणून शितो-र्‍यू. फुनाकोशींचेच शिष्य हिरोनोरी ओत्सुका यांनी 'वादो' घेतलं, सुसंवादाचा मार्ग. या नावांमागे 'र्‍यू' म्हणजे प्रवाह लागतो, तो शैलीचाच शब्द आहे. 'कान' मात्र घराचा शब्द. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एइशोजी मंदिरातल्या १२ तातामी चटयांच्या जागेत ज्युदो सुरू केला, त्या जागेचं नाव कोदोकान. तिथे कलेचं नाव ज्युदोच राहिलं आणि कोदोकान हे ठिकाणाचं. कोल्हापुरात गंगावेस किंवा शाहूपुरीच्या तालमीचा मल्ल म्हणतात तेव्हा ते पेठेचं नाव असतं, कुस्तीच्या प्रकाराचं नसतं. शोतोकानचंही तसंच राहू शकलं असतं. पण शेजारी गोजू, शितो, वादो अशी नावं उभी असताना 'तू कुठला?' या प्रश्नाला 'शोतोकानचा' एवढंच उत्तर शिष्यांपाशी होतं, आणि ऐकणाऱ्याने ते शैलीचं नाव धरलं.

दुसरं कारण त्या वास्तूत काय घडलं हे आहे. तिथे मुख्यत्वे शिकवत ते फुनाकोशींचे तिसरे चिरंजीव गिगो. त्यांनी बैठका खाली नेल्या, पावलं लांबवली, लाथांवर भर दिला. इतर ठिकाणच्या कराटेपेक्षा इथलं कराटे नजरेला वेगळं दिसू लागलं. वेगळं दिसलं की वेगळं नाव चिकटतंच.

वास्तू दहा वर्षंही टिकली नाही. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती नष्ट झाली आणि त्याच वर्षी गिगोही गेले. युद्धानंतर शिष्यांनी १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन केली. जगभर शोतोकान पोहोचवण्यात हिचा वाटा सर्वांत मोठा, आणि तिच्या नावात मात्र शोतोकान हा शब्द नाही. दुसरीकडे 'शोतोकाई' आहे. 'काई' म्हणजे मंडळ, म्हणजे शोतोंचं मंडळ. २६ एप्रिल १९५७ रोजी फुनाकोशी वारले आणि अंत्यसंस्कारांच्या व्यवस्थेवरूनच दोन्ही गटांत फूट पडली. शोतोकाईने स्पर्धा नाकारल्या, असोसिएशनने स्पर्धा वाढवल्या. दोघांच्याही मुळाशी एकच कविनाम. म्हणून बॅनर करताना 'कान' आणि 'काई' यांत गफलत होऊ देऊ नका. मुद्रितशोधनाची चूक म्हणून ती खपत नाही, माणूस दुसऱ्या गटात जाऊन बसतो.

शोतोकानच्या चिन्हावर दिसणाऱ्या वर्तुळातल्या वाघाबद्दलही एक खुलासा हवा. तोराओ टेकडीमुळे वाघ आला असं सर्रास सांगितलं जातं. वाघाचा उगम वेगळा आहे. चित्रकार होआन कोसुगी यांनी फुनाकोशींना कराटेवर पुस्तक लिहायचा आग्रह केला आणि मुखपृष्ठासाठी वाघ काढून दिला. जपानीत एखाद्या विद्येच्या मुख्य ग्रंथाला 'तोरा नो माकी', म्हणजे वाघाची गुंडाळी, म्हणतात. त्या शब्दावरून वाघ. शेपटीपाशी जे अक्षर दिसतं ती चित्रकाराची सही आहे, 'शोतोकान' नव्हे. नवा लोगो काढताना पुष्कळ जण ते अक्षर उडवतात किंवा उलटं छापतात. वाघ त्यांचा वापरायचा तर सहीही जशीच्या तशी राहू द्या.

आता गणवेशावर नाव भरून घेणाऱ्यांसाठी. तीन अक्षरं उभी, वरून खाली: पाइन, लाट, वास्तू. मधल्या अक्षराच्या १७ रेघा असल्यामुळे ते ३ सेंटिमीटरपेक्षा लहान भरलं तर दोरा फुगून उजवी बाजू बुजते आणि नुसता गोळा दिसतो. जागा कमी असेल तर त्याच अक्षराचं १० रेघांचं सुटसुटीत रूप चालतं. भरतकाम करणाऱ्याला कागदावरचा नमुना देताना वरच्या बाजूला बाण काढून द्या. ही लिपी न वाचणाऱ्याच्या हातून कापड फिरलं की अक्षरं डोक्यावर उभी राहतात, आणि उसवल्यावर सुईची भोकं जाड कापडावर राहतातच. जुन्या जपानी पाट्या आडव्या असल्या तर उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. युद्धापूर्वीचा फोटो पाहून अक्षरं उतरवलीत तर क्रम उलटा होईल.

उच्चारासाठी मराठीला खरं तर मोठी सोय आहे. जपानीतला हा 'त' दंत्य आहे, आपला 'त'. 'ट' आला तो इंग्रजी वाचनातून, आणि 'डोजो'तला 'ड'ही तिथूनच. 'शोतोकान', 'दोजो', 'कराटे-दो'तला 'दो' म्हणताना जीभ दातांना लावा. 'कराटे'तला 'टे' आता मराठीत इतका पक्का बसला आहे की तो बदलायच्या फंदात कुणी पडू नये. 'शो' आणि 'तो' दोन्ही लांब, 'का' आखूड, आणि शेवटच्या 'न'ला स्वतःची पूर्ण एक मात्रा. मुलांना शिकवताना टाळ्या वाजवून घ्या. तीन नव्हे, सारख्या अंतराच्या सहा टाळ्या: शो, ओ, तो, ओ, क, न्.